शेवटाकडून धरलेली पात

आमच्या घरात पाठ्यपुस्तकांच्या आधी पत्रकं आली. वडील मोर्चाची पत्रकं वाटायचे आणि उरलेल्यांच्या कोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली. म्हणून पीएचडीच्या सातव्या वर्षी रडण्याऐवजी मी पत्रकच लिहायला घेतलं. विषय होता, आपल्याकडचे संशोधक का रखडतात.

निमित्त मैत्रिणीचं. एमए आम्ही परभणीत एकाच बाकावर बसून केलं. नंतर ती नेदरलँड्सला गेली, तिथे तिनेही मुलाखतींवरच काम केलं आणि चार वर्षांत डॉक्टर झाली. मी ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या बाळंतपणांवर काम करत होते. चाळीस बायकांशी बोलले होते, पण ती रेकॉर्डिंग ऐकून शब्द न् शब्द कागदावर उतरवणं राहिलं होतं. हाताशी शेवटची मुदतवाढ होती, तीन महिन्यांची. त्यात प्रबंध गेला नाही तर नोंदणी रद्द होणार होती.

पेडगावला घरी आले तेव्हा सोयाबीनची खुरपणी चालू होती. बायका बांधावर जेवायला बसलेल्या असताना मैत्रिणीचा व्हिडिओ कॉल आला. आईने फोन ओढूनच घेतला.

"काय गं माय, तू चार वर्षांत उरकलीस अन् आमची बाई अजून खुरपं शोधायलीय!"

सगळ्या हसल्या. मैत्रीणही हसली. "मावशी, इथं पीएचडी म्हंजे नोकरी हाय. पगार, सुट्ट्या, सगळं. अमेरिकेत गेले असते तर आधी दोन वर्षं वर्गातच बसवलं असतं, सहा-सात वर्षं गेली असती. इंग्लंडात तीन-चार. प्रत्येक देशाचं येगळंच."

"अन् लोकांचं बोलणं उतरून कोन देत होतं?"

"त्याला माणूस होता. गाइड दोन होते. आकडे तपासायला आणखी एक बाई."

"गाइडाच्या पोरीच्या लग्नाच्या पत्रिका वाटल्यास का?"

"न्हाई, मावशी."

"हिनं वाटल्या. पार जिंतूरपत्तोर."

मला तेवढंच हवं होतं. संध्याकाळी मी माझं पत्रक ठणठणीत आवाजात वाचून दाखवलं. आईने भाकरी थापणं थांबवून पूर्ण ऐकलं.

"चांगलं लिवलंय. वाट बिनधास्त. पन त्यानं तुझी पात संपंल का?"

खुरपायला उतरलं की प्रत्येकीच्या वाट्याला या बांधापासून त्या बांधापर्यंत एक पट्टा येतो, ती तिची पात. एखादी मागे राहिली तर पुढे गेलेल्या बांधावर बसून राहत नाहीत. तिची पात समोरच्या टोकाकडून धरतात आणि तिच्याकडे खुरपत येतात. कुणी कुणाला सांगावं लागत नाही. लहानपणी माझ्या पातीला समोरून नेहमी आईच यायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वहिनीला घेऊन माझ्यासमोर बसली. वहिनी बारावी शिकलेली, मोबाइलवर भराभर टाइप करणारी. "तू पहिल्यापून ये," आई म्हणाली, "आमी शेवटून येताव."

आईला अक्षर येत नाही. पण उसाच्या फडात तिने सहा हंगाम काढलेत. ट्रॅक्टरच्या आवाजात मला जिथे नुसती खरखर ऐकू येई, तिथे तिला वाक्यं ऐकू येत. ती बोलायची, वहिनी टाइप करायची. एके ठिकाणी एक बाई, पाचटाच्या कोपीत, म्हणजे उसाच्या वाळक्या पानांच्या झोपडीत, बाळंत झाल्याचं सांगताना, मधेच गप्प झाली होती. मी रेकॉर्डिंग पुढे सरकवायला हात नेला. आईने तो धरला.

"थांब. रडायलीय ती. हे बी लिव."

एकविसावं रेकॉर्डिंग आम्ही तिघींनी मिळून ऐकलं. मी अलीकडून आले होते, त्या पलीकडून.

मुदतीला नऊ दिवस राहिले असताना मी प्रबंध गाइडसमोर ठेवला. संशोधनपद्धतीच्या प्रकरणात मी लिहिलं होतं की बावीस ते चाळीस या मुलाखती माझ्या आईने ऐकल्या आणि वहिनीने उतरवल्या. सरांनी त्या ओळीवर पेन टेकवलं. "हे ऋणनिर्देशात टाका. इथे शोभत नाही."

"सर, आभार नाहीत हे. काम आहे."

सात वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच नाही म्हटलं होतं. सही राहिली असती तर सगळंच राहिलं असतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, ती ओळ पुन्हा वाचली आणि सही केली.

प्रबंध विद्यापीठात जमा करून आईला फोन केला. ती शेतातच होती.

"गेला का?"

"गेला."

"बरं. ठिव मग," ती म्हणाली. "एकीची पात मागं राह्यलीय."