त्या नावाची बाई मयत आहे

त्या सकाळी हळदीच्या कारखान्याचं फाटक एका बाईसाठी उघडेना. तिनं यंत्रावर अंगठा ठेवला, पदराला पुसून पुन्हा ठेवला. लाल दिवा. मागं हळद निवडणाऱ्या बायकांची रांग खोळंबली.

"सरक की बाई. निवडून निवडून अंगठा झिजला का काय?"

"नवऱ्यानं ठिवून घेतला आसंल घरी," दुसरी म्हणाली, आणि रांग हसली. तीही हसली. मी खिडकीशी बसून पडद्यावर तिची नोंद उघडली. नावापुढं लिहून आलं होतं, मयत.

मी सांगलीकडचा. शाळा आठवीत सुटली, आणि याच मालकांच्या तिकडच्या गोदामात पोती शिवायला लागलो. तिथल्या कारकुनानं जेवणाच्या सुट्टीत मला संगणक शिकवला. मालकांनी कुरुंद्याच्या बाजूला हा कारखाना काढला तेव्हा मला खुर्ची देऊन इकडं पाठवलं. त्या दोघांचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. पण खुर्ची मिळाल्यापासून ती जाईल ही धास्तीही लागली. फोन वाजला की आधी वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं असणार.

पूर्वी फाटक, पगार, विमा, गोदाम, ज्याची त्याची यादी असायची. बाईचं नाव फाटकावर एक तर पगाराला भलतंच. मग पुण्याच्या कार्यालयानं सगळ्यांत मिळून एका माणसाची एकच नोंद केली. ती पुण्यातच राहते. इथल्या प्रत्येक खात्यानं लागेल तशी माहिती तिथून घ्यायची, घरोघरच्या नळांना एकाच टाकीचं पाणी यावं तशी. सारख्या दिसणाऱ्या दोन नोंदी तिथलं यंत्रच जोडून एक करतं. मला ते फार आवडलं होतं. किती भांडणं मिटली त्यानं.

आणि आता ही बाई. हिच्या नवऱ्याची पहिली बायकोही आमच्याकडंच कामाला होती. ती तापानं गेली. विमा खात्यानं दाखला बघून तिच्या नावापुढं मयत लिहिलं, ते बरोबरच होतं. वर्ष व्हायच्या आत नवऱ्यानं हिच्याशी दुसरं लग्न केलं. दुसरीच्या गळ्यात पहिलीची मूर्ती कोरलेला चांदीचा टाक घातला, आणि लग्नात तिचं नाव बदललं तेही पहिलीचंच ठेवलं. नाव तेच, नवरा तोच, गाव तेच. मोबाइल नवऱ्याचा, घरात तेवढाच. पहिलीच्या जुन्या नोंदीत आधारचा नंबरच नव्हता, म्हणून आदल्या रात्री दोन्ही नोंदी जोडताना यंत्र कुठं अडलं नाही. त्याला दोन बायका दिसल्याच नाहीत. एकच दिसली, आणि ती मेलेली.

मी पुण्याला फोन लावला. तिकडचा माणूस गोड बोलणारा होता. म्हणाला, "दाखला आहे ना मृत्यूचा? मग नोंद बरोबर आहे."

"साहेब, बाई माझ्यासमोर उभी आहे."

"ती उभी आहे हे कुठल्या खात्यातून आलंय?"

फाटकातून आलं असतं, पण फाटक तिला आत घेईना.

पाया पडून झाल्यावर त्यांनी नोंदी वेगळ्या केल्या. एक दिवस ती आत आली. दुसऱ्या सकाळी यंत्रानं पुन्हा जोडल्या. पुण्याचा माणूस म्हणाला, नाव किंवा मोबाइल, एक तरी वेगळं करा, नाहीतर हे असंच चालणार. इकडं मुकादमीण बोलून बसली होती की आठवड्यात अंगठा लागला नाही तर तिच्या जागी दुसरी बाई घेणार.

"फोन घे ना एखादा साधा," मी तिला म्हणालो.

"बाईला फोन काहून पायजे म्हणत्यात घरी."

ती फाटकाबाहेरच्या लिंबाखाली बसायची, आत कामाला असल्यासारखी डबा घेऊन. एकदा म्हणाली, "भाऊ, घरी सासू, लेकरू, मेंढरं आन् मी. हितं चार बायकांत बसते, हसते. तेवढंच हाय मला. ते जाऊ देऊ नका."

मग नाव राहिलं. मी भीत भीत विचारलं, माहेरचं नाव घातलं तर? मग हळूच तिनं ते सांगितलं. "लिवा की. हितं तरी हाक मारा त्या नावानं. लई दिवस झाले, कुणी मारली न्हाई." ते नाव मी इथं लिहीत नाही.

पण आधार कार्डावर असेल तेच नाव नोंदीला चालतं, आणि कार्ड सासरच्या नावानं होतं. ते बदलायचं तर तिला घरच्यांचा होकार हवा होता. मी शिरड शहापूरच्या वाटेवरच्या त्यांच्या घरी गेलो. नवरा मेंढरांमागं गेलेला. सासूनं पाणी दिलं, सगळं नीट ऐकून घेतलं.

"राशनवर हेच नाव हाय," ती म्हणाली. "लेकराच्या शाळंत आईचं नाव हेच हाय. पह्यलीचं लेकरू हाय ते, त्याला आई दुसरी काहून करावी? सगळ्या जागी एकच नाव बराबर लागलंय. तुमी एका फाटकापायी ते मोडून राहिले व्हय?"

पुण्याच्या माणसाचंच बोलणं होतं ते, फक्त चुलीपाशी बसून केलेलं. सून दारात टोपल्याशी उभी होती. तिनं मान वर केली नाही.

मालकांना फोन करावा, असं परतताना वाटलं. केला नाही. ज्यांनी खुर्ची दिली त्यांच्यापुढं कुणासाठी तोंड उघडायची हिंमत माझ्यात तेव्हा नव्हती, आजही फारशी नाही. आठवडा भरला, तिच्या जागी दुसरी आली. पडद्यावर 'इतर नाव' म्हणून एक रकाना आहे. त्यात मी तिचं माहेरचं नाव भरून ठेवलं. यंत्रानं ते निमूट घेतलं. तो रकाना कुठल्याच खात्याला जात नाही.

परवा सिद्धेश्वरच्या कालव्याकडं गेलो होतो. पुढं मेंढरांच्या मागं ती चालली होती, चार पावलं मागं सासू. वाऱ्यानं धूळ उडत होती. नाव ओठांवर आलं होतं. पण परक्या पुरुषानं सासूसमोर कुणाच्या सुनेला तिच्या माहेरच्या नावानं हाक कशी मारायची? आणि सासरचं नाव माझ्यानं घेववेना.

"ओ ताई," एवढंच म्हणालो.

सासूनं वळून पाहिलं. तिला वाटलं, तिलाच हाक मारली.