आमच्या ह्यांचे सहा राक्षस

आमच्या घरात सहा राक्षस आहेत आणि सातव्याशी माझं लग्न झालं आहे. सहा जण मोबाइलमध्ये राहतात. सातवा, म्हणजे आमचे हे, पलंगावर राहतात. निदान मध्यंतरी तरी राहत होते.

ह्यांचं नाव तुळशीराम. सौंसरात संत्र्याचं काम करणाऱ्या कोणालाही विचारा, तो म्हणेल, "पेटीवाले तुळशीराम का?" उभी हयात ह्यांनी पॅकिंगच्या शेडमध्ये बसून लाकडी पेट्यांत संत्री लावली. संत्रं हातात आलं की बोटांनाच त्याची साइज कळायची. मोठं इकडे, मधलं तिकडे आणि अगदी लहान, ज्याला आमच्याकडे चुरी म्हणतात, ते पार कोपऱ्यात. काही पॅकर वरच्या थराला देखणी संत्री लावून खाली चुरी दडपायचे. ह्यांना त्याचा भारी राग. एक पेटी, एक साइज, हा ह्यांचा धर्म. तो मोडला म्हणून सख्ख्या मावसभावाशी ह्यांनी बोलणं टाकलं. तो बिचारा लग्नाची पत्रिका द्यायला आला, तेव्हाही हे त्याला म्हणाले, "ठेव तिथं, खालून-वरून सारखी आहे ना?"

मीही त्याच शेडमध्ये होते. माझं काम तणस भरायचं, म्हणजे धानाचा वाळलेला पेंढा पेटीत अंथरायचा. संत्र्यांच्या खाली, वर, चारी बाजूंनी. त्या कामाला कोणी नावं ठेवत नव्हतं आणि कोणी नावाजतही नव्हतं. व्यापारी यायचे, पेटी उघडायचे, तणस बाजूला फेकायचे आणि म्हणायचे, "वा तुळशीरामभाऊ!"

त्या सगळ्या वर्षांत आमच्या घरातली सकाळ एकाच वाक्यानं व्हायची. "कुसुम, चहा दे लवकर, मले उशीर होऊन राहिला." उशीर कधीच झालेला नसायचा. शेडचं कुलूप उघडणारा माणूससुद्धा ह्यांच्या मागून यायचा. ते वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

मग शेडमध्ये संत्री निवडायचं मशीन आलं. लाकडाच्या पेट्या गेल्या, पुठ्ठ्याचे खोके आले. शेठजींनी शाल-नारळ देऊन ह्यांना सांगितलं, की भाऊ, खूप केलं, आता आराम करा. चांगल्या मनानं सांगितलं. पण आराम हा काही ह्यांना जमणारा प्रकार नव्हे. दुसऱ्या दिवशी हे पहाटे उठले, आंघोळ केली, कपडे घातले आणि पलंगावर बसून समोरच्या भिंतीकडे पाहत राहिले. चहा दिला तो निवून गेला. पुढे पुढे दाढी वाढायला लागली. जेवायला बोलावलं की "ठेव, जेवतो" म्हणायचे आणि जेवायचे नाहीत. मी भांडून पाहिलं, कारण भांडण आम्हा दोघांना मानवतं. पण ह्यांचं भांडणातही लक्ष लागेना. तेव्हा मात्र मी घाबरले.

आमची सोनाली भोपाळला नोकरी करते. ती दिवाळीला आली आणि जाताना तिचा जुना मोबाइल ह्यांच्या हातात देऊन गेली. त्यात एक खेळ टाकून दिला होता. खेळाचं नाव इंग्रजी आहे, माझ्या जिभेवर बसत नाही. मी त्याला 'राक्षस' म्हणते. खेळ सोपा आहे. शेकडो राक्षसांतून आपले सहा निवडायचे. कोणी आगीचा, कोणी पाण्याचा, कोणी दगडाचा, कोणी झाडपाल्याचा. समोरच्याचेही सहा. मैदानात एका वेळी एकेकच उतरतो, आणि वाटलं तर त्याला मागे घेऊन दुसरा उतरवता येतो. ज्याचा दम संपला तो आडवा. सहाही आडवे झाले की खेळ खल्लास. पाणी आगीला विझवतं, झाडपाला पाणी पिऊन टाकतो, असं सगळं आपल्या रोजच्या माहितीतलंच.

हे खेळात असे रमले की मला वाटलं, चला, भिंत तरी सुटली. एकदा मोबाइल बंद पडला म्हणून हे बसस्टँडजवळ पूनमच्या दुकानात गेले. पूनम मोबाइल दुरुस्त करते, वयानं आमच्या सोनालीहून लहान, आणि ती स्वतः ह्या खेळातली पट्टीची खेळाडू निघाली. तिच्या दुकानात प्रतीक आणि गौतम नावाची दोन पोरं खेळायला जमायची. त्यांना चौथा हवा होता, कारण पांढुर्ण्याच्या टीमशी चार-चार जणांचा सामना ठरला होता. चौथे आमचे हे. रोज सकाळी दुकानात जायला लागले. दाढी निघाली. शर्टाला इस्त्री मागू लागले. त्या पोरीला मी मनातल्या मनात किती आशीर्वाद दिले ते तिलाही ठाऊक नाही.

फक्त एक अडचण होती. हे रोज हरायचे.

शेवटी एक दिवस पूनम घरी आली. मी चहा ठेवला. ती बराच वेळ बशीतली बिस्किटं सरळ करत बसली, मग म्हणाली, "काका, राग नोका मानू. तुमची टीम सुधरवा लागते. तुमचे सहाच्या सहा आगीचे आहेत. समोरच्यानं पाण्याचा एक उतरवला का सगळे आडवे!"

"मोठ्यात मोठे सहा निवडले मी," हे म्हणाले. "एक नंबर माल आहे. पाह्य बरं कसे दिसते."

"दिसाले चांगलेच आहेत, काका. पण सगळे बॅट्समनच घेतले त किपर कोण? एखांदा लहान घ्या. मार खाणारा, टिकणारा."

"बेटा, मी जिंदगीत पेटीत चुरी टाकली नाही. आता काहून टाकू?"

पूनमनं माझ्याकडे पाहिलं. तिला ते बोलणं कळलं नव्हतं, मला कळलं होतं. ती उठली आणि दारात थांबून खाली मान घालून म्हणाली, "रविवारी सामना आहे, काका. टीम अशीच राहिली त मले प्रतीकच्या भावाले घ्यावं लागीन. पोरं आयकून नाही राहिले."

ती गेली. हे पलंगावर बसले. मोबाइल उशीखाली सारला आणि भिंतीकडे तोंड केलं. तीच भिंत. मी स्वयंपाकघरातून पाहिलं. दुकान सुटलं की दाढी वाढणार, दाढी वाढली की जेवण सुटणार, हे मला लख्ख दिसत होतं. आणि मला घाबरायला झालं की राग येतो. माझा स्वभावच तसा आहे.

"अजी," मी म्हटलं, "इतकी वर्षं पेट्या भरल्या, पण पेटीत काय असते हे तुमाले समजलंच नाही!"

हे वळले. पेटीबद्दल ह्यांना आजवर कोणी असं बोललं नव्हतं.

"एका साइजची संत्री असते," हे म्हणाले. "दुसरं काय असते?"

"अन् तणस? ते कोण भरत होतं? मी! तुमच्या त्या एक नंबर संत्र्याले तणस नसतं त नागपूरच्या पुढं तरी गेली असती का? रस झाला असता रस! ट्रकचे सारे धक्के कोण खात होतं? व्यापारी आला का तुमाले वा वा, अन् माझं तणस उकिरड्यावर. कधी नाव घेतलं त्याचं?"

खरं सांगायचं तर मी राक्षसांचं बोलतच नव्हते. मी माझं बोलत होते. इतक्या वर्षांचं साचलेलं त्या दिवशी बाहेर आलं. पण ह्यांच्या चेहऱ्यावर भलताच उजेड पडला.

"तणस," हे म्हणाले.

"मंग?"

"मतलब ते चुरी नाही."

"चुरी कशी राहीन? तणस ते तणस."

ह्यांनी उशीखालून मोबाइल काढला. भिंत तिथंच राहिली. त्या दिवशी जेवायला बोलावलं तर "ठेव, जेवतो" म्हणाले, पण ह्या खेपेला खरंच जेवले, एका हातानं मोबाइल धरून. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन पूनमला काय दाखवलं कोण जाणे, तिचा मला फोन आला. "काकू, तुम्ही काकाले काय सांगतलं?" मी म्हटलं, मी काही सांगितलं नाही, मी भांडले.

रविवारी मीही डबा घेऊन चौघांसोबत पांढुर्ण्याला निघाले. हे नको नको म्हणत होते, त्याचं कारण मला पुढे कळलं. बसमध्ये शेजारची बाई म्हणाली, "गोटमारीच्या गावात झुंजाले चालले, डोकं सांभाळा!" पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिथं दोन गावं एकमेकांवर गोटे मारतात, त्यावरून ती बोलली. ह्यांनी जामसावळीच्या फाट्यावर बसमधूनच मारुतीला हात जोडले. पांढुर्ण्याला उतरून सगळ्यांनी तर्री-पोहे खाल्ले आणि मग आम्ही एका मंगल कार्यालयात गेलो. भिंतीवर मोठा पडदा, दोन खुर्च्या, मध्ये टेबल. समोर पोरापोरींची ही गर्दी. त्या सगळ्यांत पांढरे केस फक्त आमच्या दोघांचे.

नियम असा होता, की चौघांनी मिळून समोरच्या टीमचे जास्त राक्षस लोळवायचे. ज्यांचा आकडा जास्त ते जिंकले. आणि कोण कोणाशी खेळणार ते कॅप्टननं ठरवायचं. पांढुर्ण्याचा सुमेध सगळ्यांत जबर. त्याच्याशी खेळून एखादा राक्षस लोळवला तरी लोक मिरवतात. पूनमनं सुमेधच्या समोर ह्यांना बसवलं.

मला संताप आला. म्हाताऱ्या माणसाला बळी द्यायचं, म्हणजे बाकीचे तिघे सुटले! मी उठून बोलणारच होते, तर हे माझ्या कानाशी वाकले. चेहरा खुललेला.

"कुसुम, समजलं का? या पेटीत मी तणस आहो."

आणि जाऊन खुर्चीत बसले.

पडद्यावर ह्यांचा पहिला आगीचा राक्षस उतरला. सुमेधनं लगेच पाण्याचा काढला. नेहमी इथंच ह्यांचा खेळ आटपायचा. ह्यांनी आगीचा मागे घेतला आणि एक हिरवट शेवाळाचा गोळा मैदानात उतरवला, मुठीएवढा, दोन डोळे आणि बाकी नुसता फुगा. पाण्याचा राक्षस त्याच्यावर पाणी ओतायचा आणि हा मरायच्या ऐवजी ताजातवाना व्हायचा. पोरं हसायला लागली. मग माझं लक्ष त्याच्या डोक्यावरच्या नावाकडे गेलं. ह्या खेळात राक्षसाला आपल्या मनचं नाव देता येतं. तिथं ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'कुसुम'.

मला जमीन फाटून पोटात घेईल तर बरं असं झालं. थोड्या वेळानं तर अख्खं कार्यालय ओरडू लागलं. "काका, कुसुमले काढा!" "कुसुम आली रे!" पांढुर्ण्याची पोरंसुद्धा! सुमेधचा पाण्याचा दमला की हे गोळा मागे घेऊन आगीचा सोडायचे, त्यानं दोन तडाखे दिले की पुन्हा गोळा पुढे. पेटीत थर लावावा तसं सावकाश, एकावर एक. सुमेधच्या कपाळाला घाम आला. शेवटी कुसुम आडवी झाली तेव्हा सगळ्यांनी "अरेरे" केलं आणि माझ्याही तोंडून "अगं बाई" निघून गेलं.

हे हरले. पण सुमेधचे पाच लोळवून हरले. बाकी तिघांचे सामने अटीतटीचे झाले, आणि बेरीज केली तेव्हा सौंसर एका राक्षसानं पुढे होतं. सुमेधनं वाकून ह्यांच्या पायाला हात लावला. पूनम नाचायचं थांबली तेव्हा म्हणाली, "काका, उद्या सकाळी दुकानात या. आता छिंदवाड्याच्या सामन्याची तयारी करा लागते."

परतीच्या बसमध्ये मी ह्यांना धरलं. "मी काय शेवाळाचा गोळा आहो? माझं नाव द्यायले दुसरा कोणी भेटला नाही?"

हे खिडकीबाहेर संत्र्याच्या बागा पाहत होते. तिकडेच पाहत म्हणाले, "पेटीवर शेठजीचं नाव राहे. लोकं माझं नाव घेत. तणस भरणारीचं नाव कोठीच नाही लिहिलं. म्हटलं, एकडाव लिवावं."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. कंडक्टर विचारायला आला, मावशी, बस लागली का. हे म्हणाले, "नाही, जिंकून आलो आम्ही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर हे दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार. पूनम अजून झोपेतून उठलीही नसेल. मी गॅसपाशी गेले, तर मागून आवाज आला, "कुसुम, चहा दे लवकर, मले उशीर होऊन राहिला."

दूध पातेल्यात ओतलेलं होतं, काडेपेटी हातात होती. मी गॅस पेटवलाच नाही. तशीच उभी राहिले, ह्यांनी पुन्हा एकदा म्हणावं म्हणून.