धुतलेला गहू

सुरतच्या नोकरीतला धुतलेल्या गव्हाचा तपास मला आजही बारीकसारीक तपशिलांसह आठवतो. सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे रस्त्यात कोणी झोकांड्या खाताना दिसला की हवालदार आधी त्याचं तोंड हुंगत. लिंबायतच्या एका यंत्रमाग कामगाराला आमच्या हवालदाराने असंच धरून आणलं.

"वास तर येत नाही," मी म्हणालो.

"साहेब, एनी चाल तो जुओ!" 'चाल तर बघा' म्हणत हवालदार हसला.

मागोमाग त्याची बायको आली. "साहेब, मना घरवाला दारू पेस नही." मीही मूळचा धुळ्याकडचा, तिची अहिराणी माझीच बोली. तिला बसवलं, पाणी दिलं. तिने हात पुढे केला तो पेल्याच्या बाजूने गेला. पुन्हा तसंच झालं. मग मी गुन्हा नोंदवणं थांबवलं आणि दोघांना सिव्हिल हॉस्पिटलात नेलं.

डॉक्टरांनी पाऱ्याची शंका घेतली. सोन्याचा मुलामा देणाऱ्या कारागिरांचे हात पाऱ्याच्या वाफेने थरथरतात, हे मी ऐकून होतो. "हा प्रकार त्याहून वाईट," डॉक्टर म्हणाले. "बुरशी लागू नये म्हणून गव्हाच्या बियाण्याला पाऱ्याचं औषध चोळतात. कोणी खाऊ नये म्हणून त्यात लाल रंग घालतात. पोटात गेलं तरी काही आठवडे कळत नाही. कळतं तेव्हा मेंदूला इजा झालेली असते."

मी बाईंना विचारलं, "ताई, गहू लाल होता का?"

"नाही हो, एकदम स्वच्छ. एक भाऊ धुऊन, वाळवून घरपोच देतात."

गहू धुऊन विकणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. तो भाऊ कडोदऱ्याच्या डाईंगमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, रंगारी निघाला. चौकशीत त्याचं एकच पालुपद : "बाजारातून आणला." दरडावलं की असा माणूस घट्ट होतो. त्याच्या कामाची तारीफ केली की सैल पडतो.

"रंग मात्र झकास उतरवलात," मी म्हणालो. "एक दाणा लाल नाही."

तो खुलला. "साहेब, मी पक्का रंग उतरवतो, हा तर कच्चा! पाणी निवळ येईपर्यंत धुतला. रंग गेला म्हणजे औषध गेलं."

"आणि पोत्यावरची धोक्याची कवटी?"

"पोतं बदललं ना!"

बियाण्याच्या गोदामाच्या रखवालदाराने त्याला ती पोती परस्पर विकली होती. मी रंगाऱ्याला सरळ सांगितलं, "रंग पाण्यात जातो, पारा दाण्यातच राहतो. तुमच्या घरी हा गहू कोण खातं?"

त्याचा चेहरा उतरला. "सगळेच. साहेब, उरलेला सगळा आजच्या लग्नाला दिलाय. बट्ट्या भाजत असतील."

आम्ही जीप काढली. लग्न लिंबायतच्याच एका गल्लीत होतं. मांडवात बट्ट्या निखाऱ्यांवर होत्या, पंगत बसली होती. मी पंगत उठवली. नवरीची आई रडकुंडीला आली. "पाहुण्यांना काय वाढू, साहेब? तुमची काठी?"

"खिचडी," मी म्हणालो. पोलीस लाईनच्या मेसमधून तांदूळ, डाळ आणि मोठी पातेली मागवली. तोंड हुंगणारा तोच हवालदार बाह्या सरसावून खिचडी ढवळायला बसला. "लग्नाला आलो की कोठडीत?" असं विचारणाऱ्या वरपक्षाच्या म्हाताऱ्याने दोनदा वाढून घेतलं. इकडे आम्ही बट्ट्या, पीठ आणि उरलेला गहू पंचनामा करून सील केला. रखवालदार संध्याकाळच्या आत कोठडीत होता. रंगाऱ्याच्या घरच्यांना आम्ही आमच्याच जीपमधून सिव्हिलला पोचवलं.

त्या मांडवातलं कोणीही आजारी पडलं नाही. यंत्रमागावरचा तो कामगार मात्र पूर्ण सावरला नाही. पुढे तो भिंत धरूनच चालायचा.

त्यानंतर माझ्या प्रत्येक ठाण्यात एक नियम कायम राहिला : झोकांड्या खाणारा माणूस आला की आधी डॉक्टर, मग गुन्हा. डोळ्यांना स्वच्छ दिसतं ते निर्विष असेलच असं नाही आणि तोल गेलेला माणूस प्यालेला असेलच असंही नाही, हे त्या गव्हाने शिकवलं.

नोकरीत मला शाबासक्या मिळाल्या, त्यांची प्रमाणपत्रं कपाटात आहेत. लिंबायतच्या त्या गल्लीत मात्र मी अजूनही 'खिचडीवाले साहेब' आहे, आणि कोणी तशी हाक मारली की मी ताठ मानेने वळून बघतो.