काम करता येतं? हो की नाही

मला राग लवकर येतो, हे माझ्या घरच्यांना, पाया लेबारच्या माझ्या ऑफिसला आणि आमच्या ब्लॉकखालच्या कॉफीवाल्यालाही माहीत आहे. सहसा तासाभरात उतरतोही. पण ललिताताईंच्या बाबतीत जे झालं त्याचा राग उतरायचं नाव घेत नाही, आणि उतरावा असं मला वाटतही नाही.

ललिता रामटेके सेम्बावांगला आमच्या शेजारच्या ब्लॉकमध्ये राहतात. मूळच्या नागपूरच्या, केमिकल इंजिनिअर. नवरा शिवदास शिपयार्डमध्ये होता, त्या स्वतः जुरोंग आयलंडवरच्या एका प्लांटमध्ये. गळ्यात पास अडकवून कंपनीच्या बसने जायच्या, हेल्मेट घालून टाकीच्या शिड्या चढायच्या. दोघांनी इथलं नागरिकत्व घेतलं, फ्लॅट घेतला. मूलबाळ नाही. शिवदासदादा एका हार्ट अटॅकमध्ये गेले आणि त्यानंतर दोनेक वर्षांत ताईंच्या पायांनी दगा द्यायला सुरुवात केली. मल्टिपल स्क्लेरोसिस. नसांचा आजार, आणि अतिशय लहरी. आज बाई काठी टेकत बाजारातून भाजी आणेल, उद्या तिला पलंगावरून उठवणार नाही. उकाड्यात आणखी वाईट, आणि इथे उकाडा कधी नसतो?

शिडी चढायची नोकरी गेली. मग सरकारी ऑफिसातून तात्पुरती मदत सुरू झाली. अट अशी की काम शोधत राहायचं. ताईंनी शोधलं हो! मुलाखतीला बोलवायचे, काठी दिसली की गोड हसायचे आणि ‘कळवतो’ म्हणायचे. असं पाच-सहा ठिकाणी झाल्यावर ताई म्हणाल्या, “जाऊ दे, मीच मला कामावर ठेवते.” आणि त्यांनी घरच्या घरी गणिताच्या ट्यूशन सुरू केल्या.

माझी जाई त्यांच्याकडे जायला लागली तेव्हा तिला गणिताचं नाव काढलं की पोटात दुखायचं. इथे सहावीच्या परीक्षेवर पुढची शाळा ठरते, त्यामुळे घराघरात नुसता धसका. ताईंनी तिला धसका घेऊच दिला नाही. पराठ्याचे तुकडे करून अपूर्णांक शिकवले आणि उत्तर चुकलं तर तो तुकडा ताईंनी खायचा. ज्या दिवशी तब्येत बिघडायची त्या दिवशी मुलांना मेसेज जायचा, ‘आज पाय संपावर आहेत, उद्या या.’ मुलं उद्या यायची. पालकांची कधी कुरकुर नाही. बाईंची तब्येत आणि शिकवणी, दोन्ही एकमेकींना सांभाळून घेत चालल्या होत्या.

फक्त दोन गोष्टी लागायच्या. सकाळी अंघोळीला हात द्यायला येणारी बाई आणि आठवड्याची फिजिओथेरपी. त्या असल्या की ताई खुर्चीत बसून शिकवू शकायच्या. त्या बंद झाल्या की पाय लाकडासारखे कडक, आणि शिकवणंही बंद. मदतीचे पैसे लागत होते ते एवढ्यासाठी, म्हणजे काम करता यावं म्हणून. हे मी पुन्हा सांगते, कारण त्या ऑफिसात हे कोणाच्या डोक्यात शिरलं नाही.

ट्यूशन सुरू केल्याचं ताईंनी आपणहून कळवलं. मी म्हटलं, “कशाला? विचारलं का कोणी?” तर म्हणाल्या, “लपवायला मी काय चोरी करून राहिली का?” झालं. ऑफिसने अभिनंदन केलं आणि तात्पुरती मदत बंद केली, कारण आता त्या काम करतात. कमी कमावणाऱ्यांसाठी दुसरी योजना आहे, तिकडे जा म्हणाले.

तिकडे गेलो. मी अर्धा दिवस रजा काढून सोबत गेले होते. तिथे हवं होतं दर महिन्याचं काम. ताईंच्या वर्षात मध्येच महिने कोरे, पाय संपावर असल्याचे. काउंटरवरचा माणूस म्हणाला, यात बसत नाही. मी विचारलं, अपंग माणसाला कामावर ठेवलं तर सवलत मिळते म्हणे, ती तरी? ती मालकाला मिळते, म्हणाला. मालक कोण?

“मीच,” ताई म्हणाल्या.

“आणि कर्मचारी?”

“तीही मीच.”

त्या बिचाऱ्याने स्क्रीनवर दोन-तीनदा वर-खाली शोधलं आणि म्हणाला, यातही बसत नाही. मी तिथेच तोंड सोडलं. कमावते म्हणून पहिली मदत काढून घेतलीत आणि पुरेसं कमवत नाही म्हणून दुसरी देत नाही, मग या बाईने राहायचं कुठे, तुमच्या दोन काउंटरच्या मधल्या फटीत? आजूबाजूची माणसं बघायला लागली. ताईंनी माझ्या दंडाला असा चिमटा काढला की दोन दिवस वळ होता.

शेवटी तिसरी वाट निघाली. कायमची मदत. ज्यांना आजारपणामुळे काम करता येत नाही त्यांच्यासाठी. त्यात बाईचा पगारही निघणार होता आणि फिजिओही. पण आधी घरी कोणीतरी येऊन बघणार होतं.

आणि इथे आपण मराठी माणसं जी माती खातो ती ताईंनी खाल्ली.

घरी पाहुणा येणार! मग काय विचारता. आदल्या दिवशी ताईंनी घर लख्ख केलं, पडद्यांसकट. सकाळी इस्त्रीची सुती साडी, केसांत मोगऱ्याचा गजरा नाही पण निदान नीट अंबाडा. मी पोचले तर स्वयंपाकघरात ओट्याला कंबर टेकवून उभ्या, आणि कढईत कांदेपोहे. वरून ओलं खोबरं, कोथिंबीर. मी कपाळावर हात मारला.

“ताई, अहो, ती तुम्हाला किती त्रास आहे ते बघायला येतेय!”

“म्हणून काय तिला कोरड्या तोंडाने पाठवू? आमच्या बाबांच्या घरातून पोस्टमनही चहाशिवाय गेला नाही.”

ऑफिसातून मिस टान आली. तरुण, नम्र, दारातच चपला काढल्या. ताई दारापर्यंत गेल्या, काठी न घेता. हसून स्वागत. कशा आहात, तिने विचारलं. आता आपल्याकडे घरी आलेल्या माणसाने कशा आहात विचारल्यावर कोणी दुखणी सांगत बसतं का? “मजेत! काही त्रास नाही,” ताईंनी इंग्रजीतून ठणकावून सांगितलं. मी मिस टानच्या मागून डोळे वटारत होते, ओठ चावत होते, ताईंचं लक्षच नाही. पोह्यांची बशी स्वतः आणून दिली. चहा स्वतः गाळला. मिस टानने विचारलं, हे सगळं तुम्हीच केलं? “हो तर! आणखी घ्या ना थोडे.” जाताना तिला एका डब्यात चिवडाही बांधून दिला.

दार लागलं आणि ताई सोफ्यावर कोसळल्या. पुढचे दोन दिवस त्यांना कूस बदलायलाही मी आणि अंघोळीची बाई लागत होतो. ते बघायला मिस टान नव्हती. तिने जे पाहिलं ते लिहिलं: स्वयंपाक करते, उभी राहते, पाहुण्यांची सरबराई करते, कोणाच्या मदतीशिवाय हिंडते. कायमची मदत नामंजूर. आणि तात्पुरती मागायला गेलो तर म्हणे तुमची केस कायमच्या विभागात गेलेली आहे, इथे उघडता येत नाही.

त्या महिन्यांत अंघोळीची बाई बंद झाली, फिजिओ बंद झाली आणि पाय दिवसेंदिवस जास्तच संपावर राहू लागले. मुलं दारातून परत जायला लागली. ताईंना पैशांची काळजी होतीच, पण त्यापेक्षा वर्ग मोडतोय याची जास्त. “माझी मुलं परीक्षेच्या तोंडावर लटकली ना गं,” एवढंच म्हणत राहायच्या. मला ऐकवत नव्हतं.

मीच अपील टाकायला लावलं. पुन्हा घरी भेट ठरली. आणि या वेळी मी ताईंची शिकवणी घेतली. सांगताना आजही जीभ जड होते, पण कोणावर तोंड वाजवायचं ते मला ठाऊक आहे, आणि ते ताईंवर नाही. मी म्हटलं, “आज उठायचं नाही. काहीही झालं तरी. पाणीसुद्धा विचारायचं नाही. हसायचं नाही. सगळ्यात वाईट दिवशी जशा असता तशा बसा.”

“आज तर जरा बरी आहे मी.”

“म्हणून तर सांगतेय!”

भिंतीवरचा फळा मी उतरवला आणि पलंगाखाली सारला. मुलांच्या वह्या कपाटात. स्वतःच्या घरात त्या बाईंनी केलेलं प्रामाणिक काम मी गुन्ह्याच्या पुराव्यासारखं लपवत होते. असली वेळ आणणाऱ्यांना लाज वाटायला हवी, आम्हाला नाही!

मिस टान आली तशीच नम्र, तशाच चपला काढून. उन्हातून आली होती, चेहरा लाल. ताई खुर्चीत बसून राहिल्या. मला दिसत होतं, त्यांचे हात खुर्चीच्या कडेवर घट्ट आवळले होते. स्वयंपाकघर चार पावलांवर आणि समोर तहानलेलं माणूस. माझ्याकडे एकदा बघितलं त्यांनी, मी मान हलवली. त्या उठल्या नाहीत.

मिस टानने सगळे प्रश्न विचारले. अंघोळ, जिना, बाथरूम, एकामागून एक लाजिरवाणं. ताईंनी खरी उत्तरं दिली, वाईट दिवसांची. मग तिने टॅब्लेट पुढे सरकवला आणि म्हणाली, शेवटचा प्रश्न, तुम्हाला काम करता येतं का?

“काही दिवस येतं,” ताई म्हणाल्या.

“आंटी, हो किंवा नाही सांगा. मध्ये काही नाहीये.”

“पण खरं तेच आहे. काही दिवस येतं, काही दिवस नाही येत.”

“मला माहितेय,” मिस टान हळूच म्हणाली. तिलाही कळत होतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं, आणि मला त्याचाच जास्त संताप आला. कळतं ना? मग बदला की तो प्रश्न! मी म्हणालेही तसं. ती म्हणाली, तो मी बनवलेला नाही. कोणी बनवलाय ते विचारलं तर तेही तिला माहीत नव्हतं.

ताईंनी टॅब्लेटवरच्या त्या दोन चौकटींकडे बघितलं. मग त्या म्हणाल्या, “नाही. येत नाही.”

“गुड, आंटी,” मिस टान म्हणाली. मनापासून म्हणाली, आता तुमचं सगळं सोपं होईल म्हणून. गुड! कष्ट करून खाणाऱ्या बाईने मी निकामी आहे असं स्वतःच्या तोंडाने कबूल केलं, त्याला गुड.

मदत सुरू झाली. अंघोळीची बाई आली, फिजिओ आली, पाय सुधारले. ताई आता आठवड्यातले चांगले चार-पाच दिवस आरामात बसू शकतात, बोलू शकतात, वर्ग घेऊ शकतात. आणि घ्यायचा नाही. पालकांना मीच फोन केले. बाई का शिकवत नाहीत विचारलं तर काय सांगणार? तब्येत सुधारली म्हणून?

गेल्या आठवड्यात डबा द्यायला गेले तेव्हा जाई सोबत आली, दप्तरासकट. तिची परीक्षा जवळ आली आहे. तिने वही काढून ताईंसमोर धरली आणि इथल्या मुलांच्या, शेवटी ‘लाह’ची शेपटी लावलेल्या इंग्रजीत म्हणाली, “टीचर, धिस वन आय डोंट गेट लाह.”

ताईंनी गणित वाचलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. पेन्सिल हातात घेतली. मग एकदम थांबल्या, बाहेरच्या कॉरिडॉरकडे बघितलं.

“सुनेत्रा,” मला म्हणाल्या, “दार लाव आधी.”

मी लावलं. त्यांनी जाईला अगदी जवळ बसवलं आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन कुजबुजत सांगायला लागल्या, छेद आधी सारखा कर, मग वजा कर. बाहेर कोणाच्या तरी चपला वाजल्या. ताई मध्येच थांबल्या, वही पालथी घातली, आणि चपला लांब जाईपर्यंत आम्ही तिघी श्वास रोखून बसलो.