मस्कत किती लांब

वरकुट्याच्या म्हस्कूला अंतर विचारलं तर तो कधी मैल सांगत नसे. मेंढ्या विकून बरीच वर्षं झाली होती, रानात ऊस उभा होता, पण त्याच्या मनातली वाट अजून मेंढ्यांच्या चालीनंच चालत असे. बारामती म्हणजे दोन मुक्काम. कोकण म्हणजे दिवाळी झाल्यावर निघायचं आणि पाऊस तोंडावर आला की परतायचं. वाटेत कुणाच्या रानात मेंढ्या बसवायच्या, उन्हाळ्यात कुठल्या ओढ्याला पाणी असतं, हे सगळं त्या अंतरातच धरलेलं.

त्याचा धाकटा पोरगा नागेश बारामतीत वेल्डिंग शिकला. सत्त्याण्णव साली त्याला मस्कतला काम लागलं. आईला, तानूबाईला, त्यानं चुलीपुढंच सांगितलं, की मुंबईहून मस्कत दीड हजार किलोमीटर आहे, पण विमानाला तीन ताससुद्धा लागत नाहीत. इंदापुरातून मुंबईला जायला एसटी त्याच्या दुप्पट वेळ घेते. तानूबाईला त्यातलं एवढंच कळलं, की पोरगं मुंबईपेक्षा जवळ चाललंय. मग बिरोबाच्या जत्रेला येशीलच, असं ती म्हणाली. नागेश गप्प राहिला. त्या गप्प राहण्यालाच होकार समजून ती गावभर सांगून आली. शेजारची सारजा म्हणाली, "मग रोज जेवायला घरीच येतोय का गं?" तरी तानूबाई हसतच होती.

म्हस्कूनं पोराला उसाच्या बांधावर गाठलं.

"जायचं कळलं. परतीचं सांग."

"करार दोन वर्साचा हाय, आबा. मधी सोडत न्हाईत."

"मग आईला का न्हाय सांगितलंस?"

"ती नगं म्हणली तर माझा पाय निघायचा न्हाय."

ते खरं होतं. तानूबाईच्या एका शब्दावर पोरगं थांबलं असतं आणि आलेलं काम हातचं गेलं असतं. म्हस्कू बांधावर बसून राहिला. मेंढरं घेऊन लांब निघणाऱ्यानं घरातल्या बाईला परतीचा महिना सांगितल्याशिवाय काठी उचलायची नाही, अशी त्यांच्यात रीत होती. त्याच्या बापानं ती कधी मोडली नव्हती, त्यानंही नाही.

निघायच्या सकाळी तानूबाईनं मऊ भाकरी आणि पिठलं फडक्यात बांधायला घेतलं. तीन तासांच्या वाटेला तेवढं पुष्कळ होतं. गाठ मारायच्या आत म्हस्कू म्हणाला,

"दोन वर्सं लागत्याल त्याला. जत्रंला वाट बघू नगंस."

तानूबाईनं नवऱ्याकडं बघितलं, मग दारात उभ्या पोराकडं.

"तीन तास म्हणला हुतास."

"जायाला, आई."

तिनं फडकं परत उलगडलं, भाकरी आणि पिठलं म्हस्कूपुढं सरकवलं आणि विझत आलेल्या चुलीत लाकडं सारली. कोकणात निघताना करायची तशा पातळ, खडखडीत, दिवसचे दिवस टिकणाऱ्या भाकरी ती थापायला बसली. शेंगदाण्याची चटणी कुटायला तिनं सारजाला हाक मारली. इंदापूरची गाडी चुकेल, असं नागेश हळूच म्हणाला.

"दुपारचीबी हाय," तव्यावरून नजर न काढता ती म्हणाली. "बस तितं."