वहिनींचे एकशे एक रोडगे

आधी चहा घ्या. घ्या हो, गार होऊन राह्यला! कारण मी आता जो पराक्रम सांगणार आहे, तो ऐकता ऐकता तुम्हाला भूक लागणार, आणि शेवटी माझी कीव येणार. कीव आली तर येऊ द्या, पण बाहेर कोणाला सांगू नका. तसंही अर्ध्या तालुक्याला ठाऊक झालंच आहे म्हणा.

मी मास्तर, हे तर तुम्हाला माहीतच आहे. सव्वीस वर्षं झाली खडू घासतोय. कोणता विषय शिकवतो ते मात्र एवढ्यात विचारू नका. आत्ताच सांगितलं तर तुम्ही चहा तसाच टाकून उठाल.

तर आमचे दादा, म्हणजे माझे थोरले भाऊ, उंद्रीला शेती करतात. मागच्या पावसाळ्यात ट्रॅक्टरवरून पडले आणि पाय असा मोडला की डॉक्टरांनी सांगितलं, आता काठी जन्माची. आम्ही सगळे रडून मोकळे झालो. वहिनी रडल्या नाहीत. त्यांनी बांधावरच्या मारुतीला नवस बोलला, "हे बिनाकाठीचे तुह्या पायरीवर चढले, तं एकशे एक रोडगे घालीन. माह्या एकटीच्या हातचे. दुसऱ्या कोणाचा हातबी लागू देणार नाही कणकीले."

आता रोडगे म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको, पण ऐका. जाड दळलेल्या गव्हाची कणीक, तिच्या घड्या घालून केलेले मुठीएवढे गोळे. गोवऱ्या पेटवायच्या, निखाऱ्यांचा आर झाला की त्यात हे गोळे पुरायचे आणि वरून राख ओढून घ्यायची. त्या ढिगाला म्हणायचं जगरा. तासा-दीड तासानं उकरले की आतून लोण्यासारखे रोडगे! वर तूप, संगती वरण आणि वांग्याची झणझणीत भाजी. काय सांगू, कितीही खाल्ले तरी हात थांबत नाही बाप्पा!

तर दादा चालले. खरंच चालले! पौषातल्या एका शनिवारी घरापासून बांधावरच्या मारुतीपर्यंत आपल्या पायांनी आले आणि तीन पायऱ्या चढले. मी मागे हात धरायला उभा होतो, तर मलाच म्हणाले, "सरक बे बाजूले, मले पाडशील."

आणि वहिनी? पुढच्याच शनिवारी नवस फेडायचा ठरला, तर त्या बाईनं पहाटेपासून एकटीनं एवढी कणीक मळली होती. माझी बायको मदतीला गेली तर तिला म्हणाल्या, "तू वांगे चीर. कणकीले हात नको लावू माय." तोंडात पाण्याचा थेंब नाही. नैवेद्य झाल्यावरच जेवणार होत्या. प्रत्येक रोडग्यावर चार बोटांचा ठसा, मोजून एकशे एक. आणि चेहऱ्यावर थकवा म्हणाल तर नावाला नाही. कणीक मळताना गुणगुणत होत्या! मी नुसता बघूनच दमलो होतो.

घरात मला काम देत नाहीत. का देत नाहीत, ते वेगळे चार किस्से आहेत. पण त्या दिवशी मला राहवेना. म्हटलं, "वहिनी, मले काहीतरी काम सांगा ना."

वहिनींनी दादांकडं पाहिलं. दादांनी आभाळाकडं पाहिलं.

"बरं, भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "तुम्ही जगऱ्यापाशी बसा. दीड तास झाला की रोडगे काढा, पोत्यात घोळसून राख झाडा अन् पाच कुस्करून तूप-गूळ घालून नैवेद्याचं ताट करा. मी देवळामागं भाजी पाहते. जमंल ना?"

"वहिनी! मी मास्तर हाओ!"

"म्हणून तं इचारून राह्यली."

आता त्या दिवशी मारुतीपाशी आम्ही एकटे नव्हतो. धामणगाव बढ्याहून एक मोठं खटलं टेम्पो करून आलं होतं. त्यांच्यात एक आजी होत्या, आवाज असा की पारावरची कबुतरं उडावीत. पलीकडं चिखलीकडची मंडळी होती. देवळासमोर कडुनिंबाचं मोठं झाड आणि त्याच्या पलीकडं ओळीनं तीन जगरे. राखेचे तीन ढीग, एकासारखा एक.

मी म्हटलं, अरे, हे तर पुढं घोटाळा व्हायचं काम आहे. आपण शिकलेली माणसं. खूण करून ठेवली पाहिजे. पाहिलं, तर निंबाच्या सावलीचं टोक बरोबर आमच्या जगऱ्यावर! बाकीचे दोन्ही उन्हात. म्हटलं, झालं काम. सावलीतला तो आपला. आणि मी निर्धास्त होऊन दादांच्या शेजारी पोत्यावर आडवा झालो.

हसू नका. अजून पुढं ऐका.

दीड तासानं उठलो. बाकीची मंडळी देवळामागं भाजीच्या गडबडीत होती; मी सावलीतला जगरा उकरला. वा! काय रोडगे होते! खरपूस, तांबूस, एकही करपलेला नाही. पोत्यात घातले, घोळसले, राख झाडली, जगऱ्यातली राख पुन्हा नीट पसरून ठेवली. तेवढ्यात लक्षात आलं की बोटांचे ठसे काही दिसत नाहीत. म्हटलं, भाजताना फुगून बुजले असतील. मोजले तर चौऱ्याऐंशी. सतरा कमी! आता हे वहिनींना सांगून त्यांचा जीव कशाला खालीवर करा? म्हटलं, विरघळले असतील राखेत.

राखेत! रोडगे! विरघळले! पण तेव्हा मला हे अगदी पटलं होतं.

पाच कुस्करले, तूप-गूळ घातलं, ताट नेलं. दादांनी पायऱ्या चढून नैवेद्य दाखवला. वहिनी खाली हात जोडून उभ्या. डोळे मिटलेले, ओठ हलत होते आणि गालावरून पाणी वाहत होतं. मीही हात जोडले. म्हटलं, एवढ्या मोठ्या कामात आपलाही हात लागला.

पंगत बसली. मी कमरेला टॉवेल बांधून वाढू लागलो. एक रोडगा तोंडात टाकला तर दाताखाली तीळ! मी तर खूश. पंगतीत ओरडून सांगितलं, "खा रे, खा! वहिनीनं यंदा तीळ घातले रोडग्यात!" वहिनी भाजीच्या पातेल्यापाशी होत्या, त्यांना काही ऐकू गेलं नाही. सगळ्यांचं झाल्याशिवाय त्या जेवणाऱ्यातल्या नव्हेतच.

आणि तेवढ्यात निंबाकडून आवाज आला.

"माय वं! आमचे रोडगे कोणं नेले?"

धामणगावच्या आजी! जगरा उकरलेला, आत नुसती राख. त्यांची सगळी मंडळी काठीनं राख पालथी घालत होती. एक सून तर रडकुंडीला आलेली.

आता अशा वेळी गप्प बसेल तो मास्तर कसला? मी वाढायचं टोपलं खाली ठेवलं आणि थेट मध्ये जाऊन उभा राहिलो.

"आजी, तुम्ही बसा. मी पाहतो. देवाच्या दारात चोरी! काय दिवस आले हो! माणसाच्या तोंडचा घास पळवायचा म्हणजे लाज नाही, शरम नाही..."

"कुत्रे आले असतीन," कोणी तरी म्हणालं.

"कुत्रे?" मी म्हणालो. "कुत्रं राख सारखी करून जाते काय? पाहा, कडेनं कशी नीट पसरून ठेवली! हे माणसाचं काम हाये. अन् तेही सराईत माणसाचं!"

हे मी माझ्याच तोंडानं म्हणालो. पंधरा-वीस माणसांसमोर.

चिखलीवाले संशयानं एकमेकांकडं बघायला लागले. बांधावर एक शेळ्यावाले बाबा बसले होते, मी त्यांचीही उलटतपासणी घेतली. ते बिचारे म्हणाले, "मले दातच नाहीत, बाप्पा." मग माझ्यातला उदार माणूस जागा झाला. टोपलं उचलून आजींच्या पुढं धरलं.

"आजी, मन लहान करू नका. आमचे घ्या. दहा घ्या, वीस घ्या! आमच्या वहिनीच्या हातचे हाएत, देवाचा प्रसाद हाये."

आजींचे डोळे भरून आले. "देव तुमचं भलं करो, मास्तर," म्हणाल्या आणि एक रोडगा घेऊन मोडला. मग त्यात बघत राहिल्या. मग नाकाशी नेला. मग एक तुकडा तोंडात टाकून सावकाश चावला.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "तुमच्यात रोडग्याच्या घडीत तीळ घालतात?"

"नवीन पद्धत हाये, आजी."

"कोणाची?"

"वहिनीची."

"मी कुठं तीळ घातले, भाऊजी?"

मागं वहिनी उभ्या होत्या, हातात भाजीचा डाव. त्यांनी टोपल्यात पाहिलं. एक रोडगा उचलून उलटा केला, सुलटा केला, अंगठ्यानं वर चाचपला. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"हे माह्या हातचे नाहीत."

दादा उठून आले. "कोणता जगरा उकरला बे तू?"

"सावलीतला," मी म्हणालो. "आपला सावलीतच होता ना!"

सगळ्यांनी सावलीकडं पाहिलं. मीही पाहिलं. सावली एव्हाना धामणगाववाल्यांचाही जगरा ओलांडून चिखलीवाल्यांच्या जगऱ्यावर चढत होती. अजून थोडा वेळ मिळाला असता तर मी त्यांचेही काढले असते!

लोक हसायला लागले. धामणगाववाले हसले, चिखलीवाले हसले, ते शेळ्यावाले बाबा तर बांधावर आडवे झाले. वहिनी मात्र हसल्या नाहीत. त्या तिथंच मातीत बसल्या.

"मी मारुतीले म्हटलं होतं, माह्या एकटीच्या हातचे," त्या हळूच म्हणाल्या. "यांचे पाय देल्ले त्यानं मले. अन् मी त्याले दुसऱ्याचा रोडगा दाखवला."

खरं सांगतो, त्या वेळी धरणी दुभंगून मला पोटात घेती तर मी आनंदानं गेलो असतो. त्या बाईनं दादांसाठी चार महिने दवाखाने केले, त्यांना मालिश केली, शेत सांभाळलं, आणि तिच्या एका नवसाची माती मी केली. एका झोपेपायी! मी म्हणालो, "वहिनी, माफ करा."

तेव्हा आजी पुढं आल्या. माझ्याकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. वहिनींच्या शेजारी फतकल मारून बसल्या आणि त्यांचे हात हातात घेतले. हाताला अजून कणीक चिकटलेली होती, नखांत.

"पोरी, कणीक कोणं मळली?"

"मी."

"मग मारुती काय झोपला होता? त्यानं नाही पाह्यलं? झोपला तो हा मास्तर! ऊठ. तुहे रोडगे अजून जगऱ्यातच हाएत. काढ पहिले, त्याचे कोळसे व्हायच्या आत!"

मग काय धावपळ! दोन्ही घरची माणसं आमच्या जगऱ्याकडं पळाली. मला कोणी हात लावू दिला नाही. वहिनींनी स्वतः उकरलं. रोडगे वरून काळे ठिक्कर झाले होते, पण चार बोटांचे ठसे तस्से दिसत होते. वहिनींनी एक मोडला. पापुद्रा निघाला आणि आतून वाफ आली, आत असा मऊ, सोनेरी! एकशे एक भरले. एकही विरघळला नव्हता.

दादा पुन्हा तीन पायऱ्या चढले, त्या दिवशी दुसऱ्यांदा, बिनकाठीचे. नैवेद्य दाखवून खाली आले तर आजींनी वहिनींपुढं ताट धरलं.

"आता आमच्या नैवेद्याचे पाच दे. तुह्या हातचे. आमचे तं तुमी देवाले देल्लेच हाएत, आता तुहे आमी देतो. फिट्टमफाट!"

वहिनी हसल्या. अहो, काय हसल्या! पहाटेपासून उपाशी, हात राखेनं काळे, आणि पदर तोंडाला लावून गदगदून हसत होत्या. म्हणाल्या, "आजी, या मारुतीले आज तीन डाव जेवाले भेटलं. आमच्या भाऊजीसारखा भक्त त्याले दुसरा नाही."

मग एकच पंगत बसली. धामणगाववाले, चिखलीवाले आणि आम्ही. शेळ्यावाल्या बाबांना वरणात कुस्करून दिला. काळे रोडगे आधी संपले, काय सांगू! दुपार कलल्यावर वहिनी जेवायला बसल्या तेव्हा मी हट्टानं त्यांना वाढलं. त्या प्रत्येक घासाला "वा!" म्हणत होत्या. आपल्याच हातचं, तेही करपलेलं, इतक्या आवडीनं खाणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. दादा शेजारी पाय लांब करून बसले होते, आणि वहिनी मधूनच त्या पायाकडं बघायच्या आणि पुन्हा घास घ्यायच्या.

मला वाटलं, चला, निभावलं. सुटलो.

तेवढ्यात पान खात आजी माझ्याकडं वळल्या. "मास्तर, एक इचारू? तुमी शाळेत काय शिकवता?"

दादा मिशीत हसायला लागले. माझ्या बायकोनं डोक्यावरचा पदर तोंडापर्यंत ओढला.

मी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. खाली मान घालून म्हणालो, "मराठी."

"भाऊजी!" वहिनींनी हातातला घास पत्रावळीवर ठेवला. "मारुती ऐकून राह्यला, खोटं नका बोलू." आणि आजींकडं वळून अगदी अभिमानानं म्हणाल्या,

"भूगोल शिकवतात, आजी. सव्वीस वर्षं झाली. भूगोल!"