सावलीतलं बी

लग्न होऊन गडमुडशिंगीला आले तेव्हा सासरच्या रानात ऊस आणि भुईमूग सोडून तिसऱ्या पिकाला जागा नव्हती, आणि शेतीच्या गोष्टीत सुनेच्या बोलण्याला तर नव्हतीच. मी कोल्हापूर शहरातली, मॅट्रिक झालेली आणि तोंडानं फटकळ. ऐंशीच्या आगेमागे आमच्याकडं सोयाबीन नवीनच येत होतं. शेतकी कॉलेजातल्या शिबिराला मी हट्टानं गेले आणि येताना बियाण्याबरोबर काळ्या भुकटीची पाकिटं घेऊन आले.

"ह्यात काय हाय?" मामंजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, विचारलं.

"जिवाणू. बियाला चोळायचे. ते मुळांवर गाठी करतात आणि हवेतला नत्र पिकाला देतात."

"आजवर किडं मारायला पैसं घातलं, आता किडं पेरायला घालू व्हय?"

ओसरीवरची सगळी हसली. मला असा राग आला की त्या रागातच मी रान मागितलं. मामंजींनी विहिरीजवळचा तुकडा दिला, पण अट घालून. "साधलं तर ते रान तुझ्या हवाली. न्हाय साधलं तर तितं उसाची लागण, आन् परत शेतीत तोंड घालायचं न्हाय."

पेरणीच्या दिवशी गुळाच्या पाण्यात भुकटी कालवून मी बी चोळलं. गुळाला आमच्याकडं काय तोटा! गोठ्याच्या सावलीत दोन गोणपाटांवर ते पसरलं आणि भाकरी थापायला आत गेले. बाहेर येऊन बघते तर एक गोणपाट अंगणात, रणरणत्या उन्हात. शेजारी सासूबाई बसलेल्या. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो. त्या मायेनं बी वरखाली करत होत्या.

"वल्लं व्हतं की गं. ऊन दावल्याबिगर आमच्यात बी पेरत न्हाईत."

उन्हानं हे जिवाणू मरतात, हे शिबिरात बजावून सांगितलं होतं. मी कपाळाला हात लावला. पाकिटं संपली होती आणि थांबावं तर जमिनीची ओल उडाली असती. त्या माउलीला बोलणार तरी काय? डोळे पुसले आणि सावलीतलं बी विहिरीकडच्या अंगाला पेरून घेतलं, उन्हातलं बांधाकडच्या.

पीक गुडघ्याला आलं आणि एका सकाळी मामंजी तरातरा घरी आले. "हिरीकडं चोरून युरिया घातलास व्हय?"

मी तशीच त्यांच्या पुढं चालत रानात गेले. विहिरीकडचं सोयाबीन गर्द हिरवं, बांधाकडचं पिवळट. मधोमध रेघ ओढावी तसं दिसत होतं. मी दोन्हीकडचं एकेक रोप उपटलं. पिवळ्याची मुळं बोडकी होती. हिरव्याच्या मुळांना मण्यांसारख्या गाठी लगडल्या होत्या.

"ह्यो तर रोग पडलाय की!"

मी नखानं एक गाठ फोडली. आत लालसर गुलाबी. "बघा. हेच तुमचे किडे. जिवंत आहेत आणि राबतायत."

मामंजींनी आणखी एक गाठ फोडली, मग तिसरी. मागोमाग आलेल्या आत्याबाई पिवळ्या रोपांकडं बघून रडवेल्या झाल्या. "म्हंजी तिकडचं म्याच मारलं व्हय?"

"तुम्ही मारलंत म्हणून तर मामंजींना पटलं," मी म्हणाले आणि मोठ्यांदा हसले. मला इतका आनंद झाला होता की सासरे समोर आहेत, हेही विसरले.

त्यानंतर रस्त्यानं जाणाऱ्याची सुटका नव्हती. "ओ पावणं, जरा हिकडं या!" अशी मामंजींनी हाक मारायची, रोप उपटायचं, गाठ फोडून दाखवायची. विहिरीकडच्या ओळी विरळ होऊ लागल्या तशी मी भर रानात ओरडले, "मामंजी, उपटायचं थांबवा! मळणीला काय उरणार?"

बांधावर पाहुणे उभे होते. मामंजींनी रोपाला घातलेला हात मागं घेतला.

"येवढं एकच उपटू व्हय?" ते म्हणाले. "रान तुझं हाय, म्हणून इचारतोय."